बयेचे डोहाळे

जिला मूल नाही तिने कुत्रीची पिशवी काढून टाकायची गोष्ट केली, तर चाळीतल्या बायका काय म्हणतील हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. म्हणाल्याच त्या. तोंडावर म्हणाल्या, आणि पाठीमागे तर मीठमसाला लावून म्हणाल्या. मला काही वाटलं नाही असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. वाटलं. चांगलंच लागलं मनाला. पण मी मागे हटले नाही, आणि ही गोष्ट सांगताना आजही माझी मान ताठ होते. ती काही डॉक्टरांनी मानेला पट्टा लावलाय म्हणून नव्हे.

अंधेरीला आमची चाळ दुमजली, कौलारू, स्टेशनपासून पूर्वेला पायी जायच्या अंतरावर. पुढे विहीर, मागे म्हशींचा तबेला, आणि तबेल्यापलीकडे भाताची खाचरं. पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. तळमजल्यावर पुढच्या खोल्यांत चाळीचे मालक राहायचे आणि वर जिन्याला लागून आमचं बिऱ्हाड. आम्ही म्हणजे मी, हे आणि सासूबाई. हे फोर्टात एका कंपनीत कारकून होते. काहीही विचारा, ह्यांचं उत्तर एकच, "बघू." सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. एरवी आमच्यासारखंच बोलायच्या, पण राग आला की थेट मालवणीवर उतरायच्या. लग्नाला सहा-सात वर्षं झाली तरी आमच्या घरात चौथं माणूस काही आलं नव्हतं.

चौथी आली ती कुत्री. पिवळट रंगाची, एक कान पडलेला, गळ्यात दोरीचा तुटका तुकडा. कुठून आली देव जाणे. जिन्याखाली येऊन बसली ती बसलीच. पहिल्या दिवशी सासूबाईंनी तिला बघून म्हटलं, "ही कोण बया आली?" आणि तेच तिचं नाव पडलं. बया. मी तिला ताकभात घालायला लागले, सासूबाई माशाची डोकी घालायला लागल्या, ह्यांना विचारलं तेव्हा हे "बघू" म्हणाले आणि मग स्वतःच म्युनिसिपालिटीत जाऊन तिचा बिल्ला घेऊन आले. बिल्ला गळ्यात असला की कुत्रे पकडणारी गाडी हात लावत नसे. ती गाडी आली की अख्ख्या आळीतले कुत्रे चिडीचूप व्हायचे. गाडीत गेलेलं कुत्रं परत आलेलं मी कधी बघितलं नाही.

बया गुणाची होती, पण वर्षातून दोनदा व्यायची. पहिल्या वेताची पिल्लं जिन्याखाली झाली. मालकांचा धाकटा मुलगा त्यांना हात लावायला गेला तेव्हा बयेने त्याची चड्डी फाडली. मालकांनी माणूस बोलावून पिल्लं गोणपाटात भरली आणि वर्सोव्याच्या खाडीकडे धाडली. दुसऱ्या वेताचंही तेच झालं. त्यानंतर बया जिन्याखालची जमीन उकरत राहायची. आचळांतून दूध गळायचं आणि ती एकेका दारात जाऊन वास घ्यायची. माझ्या दारात आली की माझ्या तोंडाकडे बघायची. मला सांगा, काय उत्तर द्यायचं तिला? मी दार लावून घ्यायची आणि आतून रडायची.

दुसऱ्या वेतानंतर मालक वर आले. माणूस वाईट नव्हता, पण एकदा बोलला की बोलला. "तुमच्या कुत्रीचं आणखी एक वेत झालं ना, की मी पिल्लांसकट तिला गाडीत घालणार," ते ह्यांना म्हणाले. "बिल्ला असो नाहीतर सोन्याची साखळी असो. माझी पोरं चावून घ्यायला नाहीत ठेवलेली."

हे म्हणाले, "बघू."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. यात बघायचं काय होतं? आणखी एक वेत म्हणजे बया संपली, इतकं सरळ होतं ते.

मागच्या तबेल्यात म्हशींना बघायला एक डॉक्टर यायचे. खाकी हाफपँट, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि बुटांवर कायम शेण. मी पदर खोचला, तबेल्याच्या कुंपणाशी गेले आणि त्यांना विचारलं, कुत्रीला पिल्लंच होऊ नयेत असं काही करता येतं का? ते म्हणाले, येतं. बंगल्यांतल्या पारशी लोकांच्या कुत्र्यांची ऑपरेशनं त्यांनी केली होती. पोट उघडायचं, पिशवी काढायची, टाके घालायचे. स्टेशनजवळ त्यांचा दवाखाना होता, तिथे होईल म्हणाले.

"मग उद्याच करा," मी म्हटलं.

"उद्या कसं? कधी माजावर आली होती?"

"आलीय. कालच."

त्यांनी कपाळाला हात लावला. "मग आता विसरा. माजावर असताना आत रक्त फार असतं, हात लावायची सोय नाही. माज जाऊ दे, त्यावर अडीच-तीन महिने जाऊ देत, मग आणा. आणि तोवर हिला सांभाळा, म्हणजे झालं."

म्हणजे झालं! ऐकायला किती सोपं. त्या दिवसांत अंधेरीतले झाडून सगळे कुत्रे आमच्या जिन्याशी जमा झाले होते. स्टुडिओच्या फाटकावरचा काळा, इराण्याच्या दारातला लंगडा, आणि कुठल्याशा बंगल्यातून पळून आलेला एक पट्टेवाला साहेबसुद्धा. मी बयेला आमच्या मोरीत कोंडली. मोरी ती केवढी, त्यात ती बसली की तांब्या ठेवायला जागा नाही. हे विहिरीवर अंघोळीला जायचे, सासूबाई चूल पेटवून खोलीतच अंग पुसायच्या आणि मला ऐकवायच्या. सकाळ-संध्याकाळ मी तिला सुतळीने बांधून खाली न्यायची, हातात काठी घेऊन. काळ्याच्या पाठीत एकदा अशी घातली की तो थेट स्टुडिओपर्यंत ओरडत गेला.

सासूबाईंना हे ऑपरेशन अजिबात मान्य नव्हतं. "देवाने दिलेली कूस माणसाने काढायची?" त्या म्हणायच्या. "जगात काय काय निघालंय मेलं! मी नाही हो तुला यात साथ देणार." आणि मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "आधीच या घरावर..." वाक्य पुरं करायच्या नाहीत. पुरं करायची गरज नव्हती. मालकांच्या धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण झालं तेव्हा चाळीतल्या सगळ्या सवाष्णींना ओटी भरायला बोलावलं होतं, आणि मला मालकीणबाईंनी आतच ओल्या नारळाचा ढीग किसायला बसवलं होतं. "तुझा हात चांगला चालतो गं," असं म्हणून. बाहेर गाणी चालली होती आणि मी आत करवंट्यांच्या राशीत बसून होते. सासूबाईंनी ते बघितलं होतं आणि त्या काही बोलल्या नव्हत्या. ते मी विसरले नव्हते.

बयेचा माज ओसरला. कुत्रे पांगले. मी मोरी घासून काढली आणि मनाशी म्हटलं, जिंकले.

कसली जिंकतेय! दीडेक महिन्याने बयेचं पोट वाढायला लागलं. आचळं भरली. ती जिन्याखाली चिंध्या ओढून नेऊन घरटं करायला लागली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी तर डोळ्यांत तेल घालून पहारा केला होता, मग हे झालं कसं? मी ह्यांना धरलं. एक दिवस मला ताप होता तेव्हा सकाळी हेच तिला खाली घेऊन गेले होते.

"सुतळी सुटली होती का हातातून?" मी विचारलं.

"नाही... म्हणजे जरा वेळ. मी बिडी पेटवत होतो."

"किती वेळ?"

हे छताकडे बघायला लागले. मी कपाळ बडवून घेतलं. त्या दिवशी ह्यांना जेवायला वाढलं ते ताट आपटूनच.

मग सुरू झाले बयेचे डोहाळे. आमच्याकडे गावाहून सासूबाईंच्या भावाने सोललेले नारळ पाठवले होते, शेंडीसकट. त्यातला एक बयेने उचलला, तोंडात धरून जिन्याखाली नेला आणि आपल्या घरट्यात ठेवला. त्याला चाटायची. त्याच्याभोवती अंग वळवून निजायची. कुणी जवळ गेलं की गुरगुरायची. मी तो काढून घ्यायला गेले तर सासूबाईंनी माझा हात धरला. "असू दे गं. पोटुशी आहे. पोटुशीच्या हातातलं काढून घेऊ नये." आणि त्याच दिवसापासून, मला न सांगता, त्या तिला रोज शिरा घालायला लागल्या. साजूक तुपातला! मला या घरात आल्यापासून कुणी साजूक तुपातला शिरा घातला नव्हता.

मालकांच्या नजरेला पोट पडू नये म्हणून ते घरी असले की मी बयेला वर खोलीत ठेवायची. पण असं पोट किती दिवस झाकून राहतं? एका रविवारी सकाळी ती जिना उतरून विहिरीपर्यंत डुलत डुलत गेली, आणि मालक तिथेच दात घासत होते.

त्यांनी चूळ भरली, आत जाऊन सदरा घातला आणि बाहेर पडले. दोन दिवसांनी सकाळी चाळीच्या तोंडाशी ती गाडी उभी राहिली. मागे जाळी, आणि दोन माणसं हातात फास लावलेल्या काठ्या घेऊन.

चाळ गॅलरीत गोळा झाली. मी जिन्यावरून धावत खाली आले आणि बयेच्या पुढे उभी राहिले. ती माझ्या पायामागे तोंडात नारळ धरून उभी होती. तोंडात नारळ असल्यामुळे भुंकताही येईना बिचारीला. मालक म्हणाले, "बाजूला व्हा, वहिनी. मी आधी सांगितलं होतं. बघताय ना पोट?"

"दहा मिनिटं द्या," मी म्हटलं. "डॉक्टर तबेल्यात आहेत. त्यांना बघू द्या. मग काय करायचं ते करा."

मला काय वाटलं तेव्हा कोण जाणे. वेळ काढायचा होता, बस. बयेची सुतळी ह्यांच्या हातात दिली, म्हटलं आता सोडाल तर बघा, आणि चिखलातून तबेल्याकडे पळाले. डॉक्टरांनी म्हशीच्या पोटाखालून डोकं काढून माझं म्हणणं ऐकलं आणि तसेच, शेणाच्या बुटांनी, माझ्याबरोबर आले.

विहिरीच्या कट्ट्यावर बयेला आडवं केलं. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तिचं पोट चाचपलं. पुन्हा चाचपलं. कान लावून ऐकलं. चाळ कठड्यावरून ओणवली होती. गाडीवाल्यांपैकी एकाने तर जवळ यायला काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"हिच्या पोटात काही नाही," डॉक्टर म्हणाले.

"काही नाही म्हणजे?" मालक.

"पिल्लू नाही. एकही नाही. ही गाभण नाहीच. तिच्या मनाने घेतलंय आणि अंगाने ऐकलंय, एवढंच. होतं असं कुत्र्यांत. दूध येतं, घरटं करतात, हे असलं काहीतरी पिल्लू म्हणून सांभाळतात." त्यांनी नारळाकडे बोट दाखवलं. मग त्यांनी पुन्हा पोटावर हात ठेवला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. "पण हे पोट एवढं कशाने? ही नुसती चरबी आहे. हिला खायला काय घालता तुम्ही?"

मी म्हटलं, "ताकभात."

सासूबाई वरून पुटपुटल्या, "थोडासा शिरा."

मग शेजारच्या खोलीतून कुणी म्हणालं, आम्ही रोज एक पोळी दूध घालून. कोपऱ्यातल्या बिऱ्हाडाने सांगितलं, बोंबील, तळलेले. वरच्या टोकाच्या काकूंनी कबूल केलं की संकष्टीचे मोदक, कारण पोटुशी दारात येऊन उभी राहिली तर तिला नाही कसं म्हणायचं? प्रत्येक बिऱ्हाडाला वाटत होतं, डोहाळे आपणच पुरवतोय. आणि बया एकेका दारात जाऊन सगळीकडे जेवून येत होती. शेवटी मालकांचा धाकटा ओरडला, "आणि आमची आई तिला खरवस देते! बाबांना सांगायचं नाही म्हणून!"

मालकांनी बायकोकडे बघितलं. मालकीणबाईंनी तोंडाला पदर लावला. आणि मग जी चाळ हसत सुटली म्हणता! डॉक्टर हसले, हे हसले, गाडीवाले तर कट्ट्यावर बसूनच हसायला लागले. अगं बाई बाई बाई! सबंध चाळीने मिळून एका कुत्रीला डोहाळजेवणं घातली होती, आणि पोटात फक्त मोदक!

मालक एकटे हसत नव्हते. "ठीक आहे," ते म्हणाले. "या खेपेला सुटली. पुढच्या खेपेला?"

हीच वेळ होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "पुढची खेप येणारच नाही. मी तिचं ऑपरेशन करून घेणार आहे. डॉक्टर पिशवी काढून टाकणार आहेत. पुन्हा कधी व्यायची नाही ती."

हसू एकदम विझलं. आणि मालकीणबाई बोलल्या. आपली फजिती झाली होती ना, तिचा राग कुणावर तरी काढायचा होता. त्यांच्या कडेवर एक मूल, पदराला एक, आणि आणखी तीन जिन्यावर. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "स्वतःची कूस उजवली नाही, तिला दुसऱ्याची कशी बघवेल? मुक्या जनावराचीसुद्धा!"

एरवी माझी जीभ कशी चालते हे तुम्ही आतापर्यंत बघितलंच आहे. पण त्या वेळी मी बयेच्या गळ्यातला बिल्ला नुसता फिरवत राहिले. डोळे भरून आले आणि समोरचे सगळे चेहरे धूसर झाले. हे पुढे आले आणि थांबले.

आणि वरून आवाज आला. सासूबाईंचा. त्या कठड्याला धरून वाकल्या होत्या आणि मालवणीत बोलत होत्या.

"माझ्या सुनेचा नाव काढू नको! सांगून ठेवतंय!" त्या म्हणाल्या. "मी किती व्यालंय आणि किती पुरलंय, ता तुका काय ठावक? आठवा पोटात असताना मी विहिरीवर जावन बसलेलंय, उडी मारूक. माका कोणी कधी इचारल्यान, बाये, पुरे झाला काय गो? कोणी इचारल्यान? एका कुत्रीक कोणतरी इचारता, तर तुझ्या पोटात कित्याक दुखता?"

ही त्यांच्या विहिरीची गोष्ट मी तोवर कधी ऐकली नव्हती. ह्यांनीही नव्हती. हे सगळ्यांत धाकटे, म्हणजे ते आठवे हेच. ह्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

मालकीणबाई मूल कडेवर सावरत आत निघून गेल्या. मालकांनी गाडीवाल्यांना हात केला आणि गाडी गेली. सासूबाई जिना उतरून खाली आल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, महिनोन्‌महिने उतरायच्या नाहीत. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "कधी करायचं?"

आता मालकांना घाई झाली होती. "आत्ताच कापा ना," ते म्हणाले. ह्यांनाही तेच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही, कारण मालक कधी फिरतील याचा नेम नव्हता. पण डॉक्टर ऐकेनात. अंगावर दूध असताना नाही. आधी दूध आटू दे, खाणं निम्मं करा, चरबी उतरू दे. आणि तो नारळ काढून घ्या, तो आहे तोवर तिचं मन मानणार नाही. मात्र पुढचा माज यायच्या आत आणा, म्हणजे दिवाळीच्या पुष्कळ आधी. मग सासूबाईंनीच मालकांना सांगितलं, "गणपतीच्या आत होईल. माझा शब्द." सासूबाईंच्या शब्दापुढे मालक कधी जात नसत.

नारळ काढायचं काम माझ्यावर आलं. बया उन्हात झोपली होती तेव्हा मी जिन्याखालून तो उचलला. चाटून चाटून त्याची शेंडी गुळगुळीत झाली होती. ती जागी झाली, घरट्यात गेली, हुंगलं, आणि माझ्या दारात येऊन पहिल्यासारखीच माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. या खेपेला मी दार लावलं नाही. खाली बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "बये, तुझं नव्हतं गं ते. माझंही नव्हतं." सासूबाई आत तांदूळ निवडत होत्या. त्या उठून आल्या आणि माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवून पुन्हा सुपाशी जाऊन बसल्या.

त्यानंतर ऑपरेशन सासूबाईंनीच ताब्यात घेतलं म्हणा ना. चाळीत फर्मान काढलं की बयेला कुणी काही घालायचं नाही, घातलं तर गाठ माझ्याशी. रोज सकाळी चष्मा लावून तिची आचळं बघायच्या. "अजून ओल आहे. अजून नाही." मी उतावीळ व्हायची, आज जाऊ, उद्या जाऊ. त्या म्हणायच्या, "बाळंतिणीच्या अंगाला घाई चालत नाही. खोटी असली म्हणून काय झालं?" श्रावण संपत आला तेव्हा एका सकाळी त्या म्हणाल्या, "आता. चल."

हे टांगा घेऊन आले. सासूबाई नऊवारी चोपूनचापून नेसल्या, अंगावर शाल घेतली आणि बयेला मांडीवर घेऊन टांग्यात बसल्या. कुत्री मांडीवर घेऊन बसलेली नऊवारीतली म्हातारी बघायला रस्त्यातली माणसं थांबत होती. त्या सरळ पुढे बघत होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं. बयेचं डोकं माझ्या हातात होतं, ते हळूहळू जड झालं. मग मला बाहेर पाठवलं. बाहेर बाकावर हे एका टोकाला, सासूबाई दुसऱ्या टोकाला आणि मी मध्ये. ती उठली नाही तर? चाळ म्हणेल, हिनेच मारली. चाळीचं जाऊ दे, मीच मला काय म्हणणार होते? हे पहिल्यांदाच काहीतरी वेगळं बोलले. म्हणाले, "होईल. नक्की होईल."

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. "झालं. झकास झालं. जाऊन बघा."

बया टेबलावर पडली होती, जीभ बाहेर. मी हाक मारली, "बये!" एक डोळा अर्धवट उघडला आणि शेपटीचं टोक, नुसतं टोक, हललं. मी तिथल्या तिथे हसायला आणि रडायला एकदमच लागले.

सासूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून तिच्या पोटाला बांधला, बाळंतिणीला बांधतात तसा, टाक्यांना जीभ लागू नये म्हणून. चाळीच्या दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. गणपती आले तेव्हा बया टाके काढून, पट्टा सोडून जिन्यावर ऐटीत बसली होती.

दिवाळी आली आणि गेली. स्टुडिओचा काळा एक दिवस फिरत फिरत आला, बयेला हुंगलं आणि कंटाळून निघून गेला. मला तर त्याला बोलावून पेढा द्यावासा वाटला! मी बयेला घेऊन मुद्दाम मालकांच्या दारावरून, अगदी सावकाश, विहिरीपर्यंत जायची आणि तशीच परत यायची. पुढे पुढे मालकच पाहुण्यांना सांगायला लागले, "आमची कुत्री आहे म्हणून चाळीत चोराची हिंमत नाही." आमची!

आणि मग एका दुपारी विहिरीवर मी कपडे धूत होते, तेव्हा मालकीणबाई बादली घेऊन आल्या. त्या दिवसानंतर आमचं बोलणं नव्हतं. त्यांना पुन्हा दिवस गेले होते. पाय सुजलेले, डोळ्यांखाली काळं. त्यांनी बादली भरली नाही. कट्ट्यावर बसल्या, पायाशी झोपलेल्या बयेकडे बघत राहिल्या आणि मग इकडे तिकडे बघून अगदी हळू म्हणाल्या, "ए, ते डॉक्टरांनी हिचं केलं ना... ते बायकांचं होतं का गं?"

माझ्या हातातलं धुणं तसंच राहिलं. त्यांना सुनवायला माझ्याकडे काय कमी होतं? महिनोन्‌महिने मनात घोळवून तयार ठेवलेलं होतं सगळं. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यातलं एक अक्षरही मला आठवेना.

"होतं," मी म्हटलं. "पण म्हशींच्या डॉक्टरकडे नको. चला, मी येते बरोबर."

सूतिकागृहातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आत्ता नाही, बाळंत झालात की त्याच वेळी करू. मी मनात म्हटलं, इथेही आधी 'कधी' तेच बघतात. मालकांना पटवायला सासूबाई गेल्या. त्यांच्या ओटीवर जाऊन बसल्या, चहा प्यायल्या, आणि तासाभराने परत येऊन म्हणाल्या, "ऐकलं त्याने. न ऐकून सांगतो कोणाला?" काय बोलल्या ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मुलगी झाली. मालकीणबाई ऑपरेशन होऊन सुखरूप घरी आल्या, तेव्हा सासूबाईंनी आपल्या लुगड्याचा दुसरा पट्टा फाडला.

बारशाला चाळ लोटली. मी सवयीने स्वयंपाकघराकडे वळले होते. नारळ होतेच किसायला. तेवढ्यात मालकीणबाईंनी पाळण्याशी बसलेल्या सगळ्या लेकुरवाळ्यांच्या डोक्यांवरून मला हाक मारली. "कुठे निघालीस गं? इकडे ये. पुढे ये."

मी पुढे गेले. त्यांनी मला पाटावर बसवलं आणि कुणाच्याही आधी ती पोर माझ्या मांडीवर दिली.

"घे," त्या म्हणाल्या. "शेवटची आहे. नीट धर."